रोटरी-लायन्ससारख्या क्लबमध्ये नवीन आलात आणि शाळेतल्या पोरांसाठी काम करायचंय? मग आधी हे वाचा

गंगाखेडला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक जळालेली मोटर घेऊन आलं, ते निघालं क्लबचं सेक्रेटरी, आणि मोटर न्यायला परत आले तेव्हा मला मेंबर करूनच गेले. तेव्हापासून मी क्लबच्या विद्यार्थी मेंटरिंगच्या कामात आहे, म्हणजे दर रविवारी शाळेत जाऊन पोरांबरोबर बसायचं, अभ्यासात आणि कागदपत्रांत मदत करायची. पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं, दुसऱ्या वर्षी जरा पोरं टिकली आणि तिसऱ्या वर्षी कुठं कळलं की आपण नेमकं काय करायलोय. दरवर्षी जुलैत नवीन मेंबर येतात, तेच प्रश्न विचारतात, त्याच खड्ड्यात पडतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. परभणी जिल्ह्यातला अनुभव आहे पण बीड, लातूर, हिंगोलीकडं काही लई वेगळं नसणार.

आणि हो, मेंटर हा शब्द शाळेत वापरू नका. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'मेंटल' केलं. आता आम्हाला 'रविवारवाले' म्हणतात, ते बरंय.

१. आधी क्लब बघा, मग वर्गणी भरा

रोटरी १९०५ ला शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ ला, हे सगळं पदग्रहण समारंभात तुम्हाला ऐकवतीलच. तुम्ही विचारायचं ते वेगळं. वर्गणी किती आणि त्यात जेवण धरलंय का, मीटिंग कोणत्या वारी असते, आणि मेन म्हणजे मागच्या अध्यक्षांनी सुरू केलेलं कोणतं काम आज चालू आहे. या तिसऱ्या प्रश्नाला सगळे एकमेकांकडं बघायला लागले तर समजून जा की इथं वह्यावाटप आणि फोटो एवढंच होतंय. तरी मेंबर व्हा, पण डोळे उघडे ठेवून.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे १ जुलै. दोन्ही क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, अध्यक्ष बदलतो, आणि नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी नवीन करायचं असतं, कुणाला रक्तदान, कुणाला वृक्षारोपण. शाळा मात्र जूनच्या मध्यात सुरू झालेली असते, म्हणजे पोरं वर्गात बसून पंधरा दिवस झाले की इकडं आपला प्रोजेक्टच गायब. आमचं पहिलं वर्ष असंच गेलं. उपाय साधा आहे, बोर्ड मीटिंगमध्ये दोन वर्षांचा ठराव करून घ्या आणि प्रोजेक्ट चेअरमन असा माणूस ठेवा जो अध्यक्षपदाच्या रांगेत नाही.

शाळेत इंटरॅक्ट किंवा लिओ क्लब काढूया असं कुणीतरी म्हणेलच. इंटरॅक्ट हा रोटरीचा १२ ते १८ वयाच्या पोरांचा क्लब, लिओ लायन्सचा. चांगलं आहे, पण पहिल्या वर्षी नको. आधी तुम्ही स्वतः दहा रविवार सलग जाऊन दाखवा.

२. किती पोरं घ्यायची आणि कोणती

आम्ही पहिल्या वर्षी साठ घेतली. कागदावर अकरा मेंटर होते, दिवाळीपर्यंत चार राहिले. त्या चारातला मी एक, आणि मी पण एका रविवारी दांडी मारली कारण सकाळी सात वाजता एक शेतकरी मोटर घेऊन आला, हळदीला पाणी द्यायचं होतं, त्याला नाही कसं म्हणणार. सोमवारी शाळेचे शिपाईमामा दुकानावरून जाताना थांबले आणि म्हणले, दोन पोरी साडेअकरापर्यंत गेटवर बसून होत्या, मीच घरी पाठवल्या. एवढंच म्हणले. त्यातली एक पुढच्या रविवारी आली, दुसरी परत कधीच आली नाही.

म्हणून आमचा नियम झालाय, एका मेंटरला चारच पोरं आणि मेंटर कायम जोडीनं. म्हणजे दोघांत आठ. एकाला अडचण आली तरी दुसरा गेटवर असतो. चार मेंटर असतील तर सोळा पोरं घ्या आणि मुख्याध्यापक कितीही म्हणले तरी सतरावं घेऊ नका.

कोणती पोरं? मुख्याध्यापक तुम्हाला पहिल्या दहा नंबरातली देतील, कारण पाहुण्यांसमोर तीच बोलतात. त्यांना नम्रपणे सांगा की सर, आम्हाला मधली पाहिजेत, शाळेत रोज येणारी पण चाळीस-पन्नास टक्क्यांवर अडकलेली, ज्यांच्या घरी कुणी दहावी पास नाही अशी. आणि वर्ग आठवीचा घ्या. दहावीची घेतली की सगळेजण इम्पॉर्टंट प्रश्न मागतात आणि आपण फुकटची ट्युशन होऊन बसतो.

३. परवानग्या आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथं आळस केला तर पुढं कुणीतरी एक तक्रार करतो आणि सगळं बंद. फाइलमध्ये एवढं पाहिजेच:

- क्लबच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या नावे पत्र, त्यात वार, वेळ, खोली आणि वर्ग स्पष्ट, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेतलेली
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतला ठराव
- प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, साध्या मराठीत, सही नाहीतर अंगठा, आणि चालू मोबाइल नंबर
- सगळ्या मेंटरची यादी, आधारची झेरॉक्स, फोटो, पत्ता
- हजेरीची एकच जाड वही, सुट्टे कागद नकोत

आणि किल्ली. यावर कुणी बोलत नाही पण रविवारी शाळा उघडणार कोण हे आधी ठरवा. शिपाईमामांचा पण तो सुट्टीचा दिवस असतो, त्यांना गृहीत धरू नका, मुख्याध्यापकांकडून लेखी घेऊन किल्ली जोडीतल्या एकाकडं ठेवा.

४. पोरांच्या सुरक्षेचे नियम, यात सूट नाही

एका पोराबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही, दार उघडं, शक्यतो व्हरांडा. मुलींच्या गटाला किमान एक बाई मेंटर पाहिजेच. पोरांना पर्सनल मेसेज करायचे नाहीत, निरोप पालकाच्या नंबरवर. गाडीवर बसवून घरी सोडायचं नाही, कितीही पाऊस असो, घरच्यांना फोन करा आणि थांबा. पोरांचे चेहरे स्टेटसला टाकायचे नाहीत. या शेवटच्या नियमावरून आमच्या क्लबात दोन मीटिंग भांडणं झाली कारण वार्षिक अहवालाला फोटो लागतात. शेवटी ठरलं की पाठमोरे फोटो काढायचे. प्रांतपालांना, म्हणजे क्लबच्या वरच्या पदाधिकाऱ्यांना, पाठी दिसल्या, काही बिघडलं नाही.

कुठलं लेकरू लैंगिक अत्याचाराबद्दल काही बोललं तर तपास आपण करायचा नाही, पण गप्प पण बसायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि माहीत असून लपवलं तर आपल्यालाच शिक्षा होऊ शकते. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आणि ११२ हा पोलिसांचा, दोन्ही हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

५. पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी भाषण करू नका. कलामसाहेबांचं उदाहरण नको, स्वप्नं बघा नको. पोरांनी ते दर पंधरा ऑगस्टला ऐकलेलं असतं. सोबत बसा, नाव विचारा, घरी कोण कोण आहे, गावाहून कशी येते, एसटीनं का पायी. बहुतेक पोरं पहिल्या दिवशी हो आणि नाही याच्यापुढं बोलत नाहीत, बोलू द्या नाहीतर बसू द्या.

दुसऱ्या रविवारी हळूच एक मराठी उतारा वाचून घ्या आणि एक भागाकार द्या, तीन अंकी भागिले दोन अंकी. प्रत्येकाला बाजूला घेऊन, सगळ्यांसमोर नाही. आठवीतलं पोरगं भागाकाराला अडलं की आपल्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते येऊ देऊ नका, पोरांना ते लगेच दिसतं. एका पोरानं मला तेव्हा वहीत डोकं घालून सांगितलं होतं, "सर, मला इंग्रजी वाचायला येना गेलंय, पण वर्गात सांगू नका." आठ वर्षं तो पाठांतरावर पुढं आला होता. मग आम्ही चार महिने फक्त दुकानांच्या पाट्या वाचल्या, औषधाची पाकिटं, बिस्किटाचा पुडा, बियाणाच्या पिशव्या. पुस्तक उघडलं ते दिवाळीनंतर.

तिसऱ्या रविवारी आपापल्या धंद्यातलं काहीतरी घेऊन जा. हे मला कुणी शिकवलं नाही, वैतागून केलं. आठवीच्या विज्ञानात विद्युतधारा आणि चुंबकत्वाचा धडा आहे, तो मी फळ्यावर समजावायलो होतो आणि पोरं जांभया द्यायली होती. पुढच्या वेळी दुकानातून जळालेल्या तीन फेज मोटरचा स्टेटर, म्हणजे कॉइल बसवलेला न फिरणारा भाग, पोत्यात घालून नेला. टेबलावर ठेवला तर आधी सगळ्यांनी नाक दाबलं, जळक्या वार्निशचा वास लई बेकार असतो. मग बघायला लागले. काही कॉइल काळ्या ठिक्कर आणि शेजारच्याच तांबूस, जशाच्या तशा. मी विचारलं, एकाच मोटरमध्ये असं कसं? कुणालाच येईना. मग सांगितलं की एक फेज गेला, मोटर तशीच चालू राहिली, सगळा लोड बाकीच्यांवर आला. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. व्होल्टेज कमी आलं तरी तेच, मोटर पाणी ओढायचं सोडत नाही, त्यासाठी जास्त करंट खेचते आणि तापून बसते. मागच्या बेंचवरची एक पोरगी, तीन रविवार एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणली, "म्हणजे आमच्या आबांची मोटर दरसाल का जळते ते ह्या धड्यात लिहिलंय व्हय?" मी म्हणलं, व्हय. तिनं पुस्तक ओढलं आणि तो धडा शोधायला लागली.

आमच्याकडं एक रिटायर कंडक्टर आहेत, ते तिकिटाच्या हिशोबावरून तोंडी गणित घेतात, अर्धं तिकीट, पाऊण रस्ता, सुट्टे पैसे. मेडिकलवाले मॅडम औषधाच्या पाकिटावरून टक्केवारी आणि तारखा घेतात. तुमच्याकडं काय आहे ते बघा, किराणा असेल तर तराजू आणा.

चौथ्या रविवारी तुम्हालाच कंटाळा येईल. तरी जा.

६. शिष्यवृत्त्या आणि कागदपत्रं, खरी मदत इथं लागते

शिकवायला शाळेत मास्तर आहेत, पण फॉर्म कोण भरून देणार? घरी विचारायला कुणी नाही आणि नेट कॅफेवाला गर्दीत काहीही टाईप करतो.

आठवीच्या पोरांसाठी पहिली गोष्ट एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घरच्या पोरांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेतली पोरं बसू शकतात, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीला ५५ टक्के पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. दोन पेपर असतात, एक बौद्धिक क्षमता आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. फॉर्म शाळेमार्फतच भरला जातो, त्यामुळं मुख्याध्यापकांच्या मागं सप्टेंबरपासूनच लागा. आणि खड्डा ऐका, पास झालं म्हणजे चार वर्षं पैसे आपोआप येतील असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं, दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर रिन्युअल करावं लागतं. आमचं एक पोरगं नववीचे पैसे घेऊन दहावीला गप्प बसलं, आम्हीही विचारलं नाही, गेले बारा हजार.

कागदांची यादी, प्रत्येक पोराची एक प्लास्टिकची फाइल करा:

- आधार कार्ड, आणि नावाचं स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरशी जुळवून
- उत्पन्नाचा दाखला, तहसीलचा
- जातीचा दाखला, ओबीसी वगैरे असेल तर पुढं नॉन क्रीमी लेयर पण
- रहिवासी दाखला
- रेशन कार्डची झेरॉक्स
- बँक पासबुक, पोराच्या स्वतःच्या नावाचं
- मागच्या वर्षीचं गुणपत्रक

उत्पन्नाचा एका वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढून ठेवण्यात अर्थ नाही, जूनमध्ये काढा. तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र घेऊन सेवा केंद्रात जायचं. जूनमध्ये तिथं अख्खा तालुका असतो, सकाळी लवकर जा.

बँकेचं तर विचारूच नका. खातं आधारशी लिंक आहे म्हणजे शिष्यवृत्ती येईल असं नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग लागतं (पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेनं केलेली नोंद) आणि ज्या बँकेत सगळ्यात शेवटी सीडिंग केलं तिकडंच पैसे जातात. एका पोरीचे पैसे तिच्या आईनं कुठल्यातरी योजनेसाठी काढून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात सात महिने पडून होते आणि आम्ही भलत्याच बँकेत चकरा मारत होतो.

नावातली चूक आठवी-नववीतच दुरुस्त करून घ्या. शाळेच्या रजिस्टरला एक नाव, आधारला दुसरं, वडिलांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी हे सोपं असतं, बोर्डाच्या सर्टिफिकेटवर चूक छापली की मग बसा हेलपाटे घालत. आणि जे पोरगं अकरावी सायन्सला जाणार आहे त्याला जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करायला लावा, बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ नको.

मुलींच्या पालकांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला यायला एसटीचा पास फुकट आहे. आणि २०२४ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. एक बाप हे ऐकून म्हणला, मग लग्नाची घाई कशाला. तेवढं एक वाक्य ऐकायला मी त्या घरी तीनदा चहा पिलो होतो.

७. वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै ओळख आणि दाखले. सप्टेंबरमध्ये १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतंच, त्या दिवशी सगळे पालक गावात सापडतात, संमतीपत्रं आणि सह्या उरकून घ्या. नोव्हेंबर-डिसेंबर एनएमएमएसचा सराव. जानेवारीत कुणाच्या तरी शेतात हुरड्याला न्या, पोरं शेकोटीभोवती जे बोलतात ते वर्गात वर्षभर बोलत नाहीत. जमलं तर परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दाखवा, कित्येक पोरांनी परभणी बघितलेली असते पण विद्यापीठाच्या आत पाय ठेवलेला नसतो. एप्रिलमध्ये सकाळी साडेसात ते साडेनऊ, त्याच्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही.

यात दसरा मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडं दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि लेकरू मागं आजीजवळ राहणार का ट्रकवर बसणार हे शेवटच्या आठवड्यात ठरतं. तुमच्या सोळातली कोणती पोरं त्या घरची आहेत हे ऑगस्टमध्येच माहीत पाहिजे. मग मुख्याध्यापकांशी बोलून हंगामी वसतिगृहात नाव घालता येतं, नातेवाईकाकडं सोय बघता येते. ट्रक निघाल्यावर काही करता येत नाही.

८. पैसे आणि माणसं

खर्च फार नाही, वह्या, झेरॉक्स, दाखल्यांची फी, चहा आणि सुशीला (मुरमुऱ्यांचा नाष्टा). पण एक रुपया पण स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, क्लबच्या ट्रस्टच्या खात्यात आणि पावती. देणगीदार ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) विचारतात, ट्रस्टला ते आहे का हे खजिनदाराला आधीच विचारून ठेवा.

माणसं कमी पडली तर कॉलेजच्या एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. त्या पोरांना वर्षाला १२० तास समाजकार्य करायचंच असतं, आणि आठवीची पोरं आमच्यासारख्या पन्नाशीतल्यापेक्षा बीएस्सीच्या ताईचं जास्त ऐकतात. फक्त त्यांच्या परीक्षा लागल्या की ते गायब होतात हे धरून चाला.

९. पोरगं यायचं बंद झालं तर

एक रविवार चुकला तर सोडून द्या. दोन चुकले की गुरुवारी पालकाला फोन. तीन चुकले की जोडीनं घरी जा, रागवायला नाही, बसायला. बहुतेक वेळा लहान भावंड आजारी असतं नाहीतर कापूस वेचायला गेलेलं असतं. पण नववीतली पोरगी सलग तीन रविवार नाही आणि घरचे नीट बोलत नाहीत, तर लग्नाचं बघणं चालू नाही ना याची चौकशी करा. मुलीचं वय १८ च्या आत असेल तर १०९८ ला फोन करा, गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवा. गावात वाईटपणा येतो, मला आलाय, एक गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

१०. चार्ज देताना

जूनच्या शेवटी तुमच्या जागी दुसरा येणार असेल तर त्याला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून मोकळं होऊ नका. त्याला घेऊन एकदा शाळेत जा, पोरांसमोर उभं करा, शिपाईमामांची ओळख करून द्या, हजेरीची वही, फाइली आणि किल्ली हातात द्या. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पोराबद्दल एक ओळ लिहा. मी मागच्या वर्षी लिहिलेल्या ओळी अशा होत्या: ही भागाकारात शून्य लिहायला विसरते. ह्याचं रिन्युअल ऑक्टोबरमध्ये बघा. हिच्या आजीला कमी ऐकू येतं, फोन शेजारच्यांच्या नंबरवर करा. हा गेटवर पावणेनऊलाच येऊन बसतो, तुम्ही नऊच्या आत पोचा.